मजुरीचे माप

माप मारणाऱ्या दुकानदाराला गावात काय म्हणतात, हे कोणाला सांगायला नको. धान मोजताना पायली तिरपी धरणारा किंवा तराजूच्या पारड्याला हळूच बोट लावणारा माणूस एकदा ओळखू आला, की लोक त्याचे दुकान टाळून पुढच्या दुकानात जातात. कुरआनमध्ये तर अशा माणसांच्या नावाची एक स्वतंत्र सूरहच आहे, सूरह मुतफ्फिफीन. घेताना माप भरून घेणारे आणि देताना कमी देणारे, अशी त्यांची ओळख तिथे करून दिली आहे आणि त्यांचा शेवट वाईट असल्याचे बजावले आहे. आपल्या समाजात लहानमोठा व्यापार करणारी घरे पुष्कळ. त्यामुळे हा इशारा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मात्र बहुतेक वेळा तो तराजूपुरताच समजून घेतला जातो. दिवसभराचे काम पूर्ण घ्यायचे आणि ते करणारी बाई आहे म्हणून मजुरी कमी द्यायची, हेही माप मारणेच नव्हे काय? या लेखात आम्हाला हाच प्रश्न विचारायचा आहे.

नोकरीच्या ठिकाणी स्त्री-पुरुष समता हा विषय निघाला, की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारती येतात. तो मोठ्या कंपन्यांचा, शिकलेल्या बायकांचा विषय आहे, आपल्या गावाशी त्याचा काय संबंध, असे वाटते. म्हणून आम्ही मुद्दाम भंडारा जिल्ह्यातल्या, तुमसर तालुक्यातल्या सिहोऱ्यापासून सुरुवात करतो. चांदपूरच्या जलाशयाजवळचा हा धानाचा मुलूख. तुमसरची धानाची बाजारपेठ इथून जवळ. इथे मालक कोण? चार बांध्यांचा शेतकरी मालक आहे. राइस मिलवाला मालक आहे. कापडाचे, किराण्याचे, चपलांचे दुकान चालवणारा मालक आहे. दोन शिलाई मशीन लावून कारागीर बसवणारा मालक आहे. शाळा चालवणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष मालक आहे. धुणीभांडी करायला बाई ठेवणारे घरही मालकच आहे. म्हणजे मालक हा कोणी दूरचा शेठ नाही. आपल्यापैकी अनेकजण वर्षातून कधी ना कधी कोणाला तरी मजुरी मोजून देतात. मजुरी मोजणारा हात ज्याचा, त्याच्यापाशी हा प्रश्न येऊन थांबतो.

आधी बांधीत जाऊ. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली, की सगळा मुलूख चिखलात उतरतो. नांगर किंवा ट्रॅक्टर धरून चिखलणी करायची, पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत टाकायच्या, ही कामे साधारणपणे पुरुषांची. पऱ्हे हातात घेऊन एकेक रोप चिखलात लावायचे काम बायांचे. पाऊस अंगावर झेलत, पाय पाण्यात आणि कंबर वाकलेली, असा तो दिवस असतो. संध्याकाळी मजुरी मोजली जाते तेव्हा पुरुषाच्या हातावर जास्त पडते आणि बाईच्या हातावर कमी. का, असे विचारले तर उत्तर तयार असते, 'काम वेगळे आहे. पुरुषाचे काम जड, बाईचे हलके.' आता जो दिवसभर एकदाही रोवणीला वाकला नाही, त्याने रोवणी हलकी ठरवावी, यातच सगळी गोम आहे. रोवणी नीट झाली नाही तर पीक येत नाही, हे शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते. चांगला हात असलेल्या बाया आपल्याच बांधीवर आधी याव्यात म्हणून तो धडपडतो. म्हणजे कामाची किंमत त्याला कळते. मोजताना तेवढी ती विसरली जाते.

इथे कायदाही थोडा अडखळतो. समान कामाला समान मोबदला देणारा कायदा आपल्याकडे १९७६ साली झाला. आता तो २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. एकच काम किंवा एकाच प्रकारचे काम असेल, कौशल्य, कष्ट, अनुभव आणि जबाबदारी सारखी असेल, तर स्त्री-पुरुष असा भेद करून मजुरीत फरक करता येत नाही, असे हा कायदा सांगतो. कायदा योग्यच आहे. पण गाव हुशार आहे. गाव आधी काम वाटून टाकते. हे बायांचे, ते पुरुषांचे. एकदा वाटणी झाली, की तुलना कशाशी करणार? दोन पारडी असल्याशिवाय तराजू बोलत नाही, आणि दुसरे पारडे आधीच उचलून ठेवलेले असते.

ही हुशारी फक्त खेड्यातली आहे असे समजू नये. मुंबईच्या एका नामांकित जहाज कंपनीतही तीच होती, आणि तिचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागला. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत ऑड्री डिकॉस्टा लघुलेखक होत्या. १९७७ साली त्यांची नोकरी संपली. त्यानंतर त्यांनी दाद मागितली, की पुरुष लघुलेखक जे काम करत होते तेच आपण केले, तरी पगार मात्र कमी मिळाला. कंपनीचे म्हणणे असे, की या बाई वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या 'लेडी स्टेनोग्राफर', त्यांचा वर्गच निराळा. शिवाय पगार कामगार संघटनेशी झालेल्या करारानुसार ठरला होता आणि कंपनीची आर्थिक परिस्थितीही चांगली नव्हती. २६ मार्च १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या सबबी फेटाळल्या. काम एकच असेल तर पदाला निराळे नाव दिल्याने ते काम निराळे होत नाही. संघटनेने करारावर सही केली म्हणून अन्याय न्याय ठरत नाही. आणि मालकाला परवडत नाही, ही सबब या कायद्यापुढे चालत नाही.

या खटल्यातली एक गोष्ट आमच्या मनाला फार लागते. कमी पगाराच्या त्या करारावर कामगारांच्याच संघटनेची सही होती. म्हणजे माप मारणारा हात एकट्या मालकाचा नव्हता. सोबत काम करणाऱ्या पुरुषांनीही ते माप चालवून घेतले होते. सिहोऱ्याच्या बांधीवर काय वेगळे घडते? बाईची मजुरी कमी आहे हे शेजारी उभ्या असलेल्या पुरुष मजुराला दिसते. कदाचित ती त्याचीच बायको किंवा बहीण असते. तरी तो बोलत नाही, कारण फरक राहिला तर त्याचा मान राहतो. मालकाने समता आणायची म्हटली तर त्याला या मानाशीही सामना करावा लागेल, हे आधीच ओळखून ठेवलेले बरे.

आता आपल्या घरांच्या अधिक जवळ येऊ. भंडारा आणि गोंदिया हे दोन जिल्हे १९९९ पर्यंत एकच होते आणि बीडी हा या भागाचा मोठा धंदा होता. कामठीपासून सोलापूरपर्यंत अनेक गावांत आपल्या समाजातल्या बायांनीही पिढ्यान्‌पिढ्या बीड्या वळल्या. सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू, हातात कात्री, मांडीजवळ लेकरू, हे चित्र पुष्कळ वाचकांनी आपल्या घरात पाहिले असेल. आज तो धंदा ओसरला आहे, पण मजुरीच्या मापाबद्दल त्याने जे शिकवले ते विसरता येणार नाही.

बीडीच्या धंद्यात मालक दिसतच नसे. दिसे तो मधला ठेकेदार. तो पत्ता आणि तंबाखू वजन करून देई आणि वळलेल्या बीड्या मोजून घेई. मजुरी हजारावर. पत्ता वजनात कमी भरला किंवा त्यात फाटका माल निघाला, तरी हजाराची भरती बाईनेच करायची. गरज पडली तर पदरच्या पैशाने पत्ता विकत आणायचा. त्यावर छाट. चार बीड्या सैल आहेत, दोन वाकड्या आहेत, असे म्हणून ठेकेदार बीड्या बाजूला काढी. त्यांची मजुरी नाही, आणि अनेकदा बीड्याही परत नाहीत. घेताना भरून आणि देताना कमी, हे इतके उघड क्वचितच कुठे दिसेल. आणखी एक गोष्ट अशी, की वळणारी बाई असली तरी मजुरीच्या वहीवर नाव पुष्कळदा नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे असायचे. वहीत नाव नाही म्हणून ती कामगार नाही, आणि कामगार नाही म्हणून भविष्यनिर्वाह निधी नाही.

१९६६ साली बीडी कामगारांसाठी कायदा झाला. घरी बसून बीडी वळणारी बाईही कामगारच आहे आणि मधे ठेकेदार असला तरी मुख्य मालकाची जबाबदारी सुटत नाही, हे त्या कायद्याने मान्य केले. कारखानदार न्यायालयात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या खटल्यात तो कायदा कायम ठेवला. आता हा कायदाही नव्या संहितांमध्ये विलीन झाला आहे, पण त्यातला विचार जुना होणारा नाही. काम ज्याच्यासाठी झाले, जबाबदारी त्याची. आज कापडाला खडी लावणे, जरीकाम, अगरबत्ती, शिलाई अशी कितीतरी कामे घराघरांत दिली जातात. देशातल्या मुस्लिम समाजाची पाहणी करणाऱ्या सच्चर समितीनेही २००६ च्या अहवालात आपल्या बायांचे घरबसल्या कामांतले मोठे प्रमाण नोंदवले होते. ही कामे देणारे अनेकदा आपल्याच बिरादरीतले असतात. 'घरबसल्या चार पैसे मिळतात, आणखी काय पाहिजे?' असे म्हणणाऱ्याने आपली वही एकदा उघडून पाहावी. तिच्यात त्या बाईचे नाव आहे का?

यावर आपल्या समाजात एक विशेष युक्तिवाद केला जातो. त्याला बगल देऊन चालणार नाही. म्हणतात, 'घर चालवण्याची जिम्मेदारी पुरुषावर आहे. नान-नफका त्याने द्यायचा. बाईची कमाई ही वरकमाई. मग तिला थोडे कमी मिळाले तर बिघडले कुठे?' वरवर हे पटते. पण नीट पाहा. मजुरी गरजेप्रमाणे देतात की कामाप्रमाणे? एकाच दुकानात एक अविवाहित पोरगा आणि सहा लेकरांचा बाप काम करत असतील, तर पोराला कमी आणि बापाला दीडपट असा पगार कोणी देते काय? देत नाही. तिथे आपण कामच मोजतो. गरजेचा हिशोब फक्त बाईपाशी येऊन सुरू होतो. मग जी विधवा आहे, जिला तलाक मिळाला आहे, जिचा नवरा अंथरुणाला खिळलेला आहे, जी म्हाताऱ्या आईबापांना पोसते, तिला तरी गरजेप्रमाणे जास्त द्यायला हवे होते. तिलाही कमीच मिळते. म्हणजे हा युक्तिवाद गरजेचा नव्हे, सोयीचा आहे.

शिवाय ज्या शिकवणीचा आधार घेतला जातो, ती तर उलट दिशेने बोलते. पुरुषांनी कमावले त्यात त्यांचा हिस्सा आणि स्त्रियांनी कमावले त्यात त्यांचा, असे कुरआन सूरह निसामध्ये सांगते. स्त्रीची कमाई तिची स्वतःची, तिच्यावर नवऱ्याचाही हक नाही, हे आपले उलमाही मान्य करतात. ज्या कमाईवर नवऱ्याने हात टाकायचा नाही, तिच्यावर मालकाने हात टाकावा, हे कोणत्या हिशोबात बसते? हजरत खदीजा तर स्वतः मालक होत्या. त्यांचा माल शामदेशी जायचा, आणि तो घेऊन जाण्यासाठी त्यांनी नेमलेल्या माणसांत पुढे अल्लाहचे रसूल झालेले मुहम्मद (स.) होते. खरेपणा आणि अमानतदारी पाहून त्यांनी नेमणूक केली. व्यापार आणि नोकरी या जगात स्त्री उपरी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

दुसरा युक्तिवाद काळजीचा. 'बाईला रात्री कामावर कसे ठेवायचे? काही झाले तर? त्यापेक्षा नकोच.' काळजी खोटी नसते, पण तिचा भुर्दंड कोण भरतो ते पाहायला हवे. याच तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना जमिनीखालच्या कामाला बंदी केली होती, आणि वरच्या कामालाही रात्री मनाई होती. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा, की खाणीतल्या बऱ्या पगाराच्या पुष्कळ जागा बायांना बंद झाल्या. २०१९ मध्ये तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी हे दार काही अटींवर उघडले. त्यात बाईची लेखी संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था आवश्यक ठरवली. म्हणजे आधी धोका होता म्हणून बाईला बाहेर ठेवले, आणि आता धोका कमी करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. या दोन वाटांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सूरह कससमधली मदयनच्या पाणवठ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. हजरत मूसा तिथे पोहोचले तेव्हा गुराख्यांची गर्दी आपापल्या जनावरांना पाणी पाजत होती, आणि दोन मुली आपली जनावरे आवरून बाजूला उभ्या होत्या. गुराखी गेल्याशिवाय आम्हाला पाजता येत नाही आणि आमचे वडील म्हातारे आहेत, असे त्यांनी सांगितले. त्या दोघी कामावरच होत्या. पाणी सगळ्यांचे होते, मनाई कोणाचीच नव्हती. पण पाणवठ्याची रीतच अशी होती, की त्यांचा नंबर शेवटी लागे. नोकरीतली विषमता पुष्कळदा अशीच असते. नियमात कुठे लिहिलेली नसते, पण रांग अशी लागते की बाई शेवटी. मूसांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले. पुढे त्यांच्या वडिलांनी त्या कामाचा मोबदला देण्यासाठी मूसांना बोलावून घेतले. त्यांना कामावर ठेवायचे सुचवले ते त्या दोघींपैकी एकीने. निकष सांगितले दोनच, ताकद आणि अमानतदारी. माणूस कामावर ठेवण्याची याहून साधी कसोटी आम्हाला ठाऊक नाही, आणि तिच्यात स्त्री-पुरुष हा प्रश्नच येत नाही.

मग सिहोऱ्यासारख्या गावातल्या मालकाने करायचे काय? त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. मजुरी कामाआधी ठरवावी, सगळ्यांसमोर सांगावी आणि कामावर ठरवावी, माणूस पाहून नव्हे. महाराष्ट्राच्या रोजगार हमीने हे करून दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो बाया खडी फोडायला आणि माती वाहायला आल्या, तेव्हा योजनेचे दर कामाला होते. बाईचा दर आणि पुरुषाचा दर असे दोन नव्हते. मजुरी वहीत बाईच्याच नावे लिहावी आणि तिच्याच हाती किंवा तिच्याच खात्यात द्यावी. दुकानात बाईसाठी स्वच्छतागृह असावे. तेवढे नाही म्हणून किती मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हे त्यांना विचारून पाहावे. शिलाईच्या दुकानात काज-बटन बायांना आणि कटिंग पुरुषाला, अशी कायमची वाटणी असेल तर बायांनाही कात्री हाती द्यावी. कारण जास्त मजुरी कात्रीला आहे. रोवणीचे यंत्र आले तर ते चालवायला बायांनाही शिकवावे. नाहीतर बाईचे काम यंत्र करील आणि यंत्राची मजुरी पुरुष घेईल.

बाळंतपण हा तर मालकाच्या इमानाची परीक्षा घेणारा प्रसंग. पहिल्या गरोदरपणातच नोकरी संपेल अशी अट एअर इंडियाने हवाई सुंदरींना घातली होती. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. लहान दुकानाला हा कायदा लागू नसेलही, पण 'बाळ झाल्यावर तुझी जागा तुझीच आहे' एवढा शब्द द्यायला कायदा लागत नाही. आणि छेडछाडीची तक्रार आली तर? दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. हे मालकाने आधीच सांगून ठेवावे. तक्रार करणारीलाच कामावरून काढून 'झंझट मिटवणे' ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ती सोडली पाहिजे.

समाजाच्या शाळा चालवणाऱ्यांशीही दोन शब्द बोलावेसे वाटतात. बिनअनुदानित शाळांत शिकवणाऱ्या बहुतेक मुलीच असतात. काही ठिकाणी त्यांची सही एका रकमेवर घेतात आणि हातात दुसरीच रक्कम ठेवतात. वर म्हणतात, 'कौमची खिदमत आहे.' खिदमत ही स्वखुशीने करायची गोष्ट. ती दुसऱ्याच्या पगारातून कापून घेतली तर तिला खिदमत म्हणता येणार नाही. त्या शाळेच्या भिंतीवर इन्साफाची सुवचने रंगवलेली असतात आणि मुली ती रोज वाचतात. आपल्या टीचरला काय मिळते, हेही त्यांना कळत असतेच.

शेवटी मुद्दा एकच. स्त्रीला बरोबरीने वागवणाऱ्या मालकाला आपण 'दिलदार' म्हणतो. आम्हाला हा शब्दच खटकतो. पूर्ण माप देणाऱ्या दुकानदाराला आपण दिलदार म्हणत नाही, सचोटीचा म्हणतो. मेहरबानीचे ओझे घेणाऱ्याच्या डोक्यावर राहते. ती आज मिळते, उद्या मालकाचा मूड बदलला की बंद होते, आणि त्या भीतीने बाई मान वर करून बोलत नाही. हिशोबाने मिळालेल्या मजुरीचे ओझे नसते. ती घेऊन बाई सरळ घरी जाते, आणि दुसऱ्या दिवशी काही चुकले तर मालकाला तोंडावर विचारू शकते. तसे विचारणारी बाई आपल्या दुकानात, शेतात, शाळेत आहे का, हे प्रत्येक मालकाने पाहावे. नसेल तर पायली कुठेतरी तिरपी धरली जात आहे, असे खुशाल समजावे.